गणपतीची गोळी

३ जुलै, गुरुवार

पतसंस्थेने दिलेली ही डायरी सहा महिने कपाटात कोरी पडली होती. आज काढली, कारण श्रीपतीने फोनवर हुकूम सोडला. "अक्का, पोरगी किती दिवस कॉलेजात जाते नि किती दिवस लोळते, ते लिहून ठेव. हजेरी कमी म्हणून पत्र आलंय." श्रीपती माझा धाकटा भाऊ, लांज्याकडे आमच्या गावी शेती करतो. त्याची मनस्वी दोन वर्षं माझ्याकडे मांडवीला राहून बी.एस्सी. करते. तर आजपासून गोदाबाई टेलर झाल्या हजेरी मास्तर.

आज: गेली नाही. पाळी आलीय. सकाळपासून शिलाई मशीनशेजारी गार फरशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडलीय. मी म्हटलं, "अगो, पाळी सगळ्या जगाला येते. जग काय फरशीवर झोपतं?" ओव्याचं पाणी दिलं, ते ओकली. मग मला वाईट वाटलं. मग परत राग आला.

मी पण अशीच पडायचे, बुरोंडीला सासरी, मागच्या पडवीत. बाजूला बसायचं असायचं, त्यामुळे कोणाला दिसायचंच नाही. सासू म्हणायची, नाटकी आहे. मी मनूला तसं कधी म्हणणार नाही. मनात म्हटलं आज, एकदाच.

७ जुलै, सोमवार

गेली. जाताना मला म्हणते, "आत्या, हजेरी लावलीस का?" म्हणजे डायरी वाचलीन वाटतं. वाच म्हणावं.

एक गंमत. तीन तारखेला तिच्या जीन्सचं बटण लागत नव्हतं, म्हणून मी कंबर दोन इंच सोडून दिली. आज तीच जीन्स घसरते. परत माप घेतलं तर जुनंच. मी म्हटलं, चार दिवसांत दोन इंच वाढायला नि उतरायला तू काय भाकरीचं पीठ आहेस? नक्की कॉलेजच्या बाहेर वडापाव हाणत असणार. ती म्हणाली, "पाळीत माझं पोट फुगतंच, आत्या." तीस वर्षं बायकांची मापं घेतेय, मला शिकवते.

१ ऑगस्ट, शुक्रवार

प्रॅक्टिकल चालू असताना मनू प्रयोगशाळेत चक्कर येऊन पडली. तिच्या बाई रिक्षाने घरी घेऊन आल्या. पोरीचे ओठ पांढरे. बाई मलाच विचारतात, "दर महिन्याला असं होतं, तुम्ही कोणाला दाखवलं नाहीत?" मला इतकी लाज वाटली की चहासुद्धा विचारायचा राहिला.

संध्याकाळी जवळच्या डॉक्टरकडे नेलं. म्हातारे आहेत, नाडी बघून दुखण्याची गोळी दिली आणि हसत म्हणाले, लग्न झालं की आपोआप कमी होईल. रिक्षात मनू म्हणाली, "म्हणजे नवरा दिवसातून दोनदा, जेवणानंतर." मी हसले. पण मला विसाव्या वर्षी हेच सांगितलं होतं. आईने त्याच वर्षी माझं लग्न लावलं. कमी बिमी काही झालं नाही. उलट नवरा जवळ आला की अंगावर काटा यायचा, इतकं आत दुखायचं. कोणाला सांगणार. ही ओळ खोडून टाकावी असं वाटतं, पण डायरी खोडलेली मला आवडत नाही.

श्रीपतीला फोन केला. तो म्हणाला, "डॉक्टर बरोबर बोलतो. राजापूरकडचं स्थळ आलंय. दिवाळीपर्यंत असंच चाललं तर कॉलेज पुरे करू."

मनूला हे सांगितलेलं नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

परवा गावी जायचं, गणपतीला. मनूची तारीख २९-३० च्या आसपास, म्हणजे ऐन गौरीत. आमच्या घरच्या बायकांच्या पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या दरवर्षी मीच नेते. मेडिकलवाल्याला नाव सांगावं लागत नाही. "काकी, गणपतीच्या ना?" म्हणतो आणि पट्ट्या काढून ठेवतो. यंदा मनूच्या आईला, मैनावहिनीला, दोन पट्ट्या, मनूला एक. माझी पाळी जाऊन दहा वर्षं झाली, मी सुटले.

मनू म्हणाली, "बाप्पाला चालत नाही का गो पाळी?" मी म्हटलं, बाप्पाला चालत असेल, तुझ्या बापाला चालत नाही. गप गिळ.

३१ ऑगस्ट, रविवार. गाव

गौरी आली. घर भरलंय. मनूने फुगड्या घातल्या, दोन बायकांना दमवलं, वर चार मोदक खाल्ले. दुखण्याचं नाव नाही. गालावर रंग आलाय पोरीच्या. इतकी मोठ्याने हसते हे मी विसरलेच होते. मला फार बरं वाटलं. दोनदा उगाच जवळ घेतलं तिला.

श्रीपती ओसरीवरून बघत होता. म्हणाला, "बघितलंस अक्का? घरी आली की ठणठणीत. कॉलेजच्या नावानेच पोटात दुखतं तिच्या." मला ते खोटं म्हणता येईना. तारखेने दुखायला हवं होतं आणि दुखलं नाही, हे मी डोळ्यांनी बघतेय. हजेरी मास्तराने खरं ते लिहावं.

५ सप्टेंबर, शुक्रवार. मांडवी

देवा रे.

गोळ्या संपून तीन दिवस झाले आणि आज पहाटेपासून सुरू झालं. संडासात बसून पोरगी किंचाळली. बसवत नाही, उठवत नाही. शेजारची सोनूबाई पळत आली. मनू दात आवळून म्हणते, "आत्या, मी नाटक नाही करत." मी तिचं डोकं मांडीवर घेऊन म्हटलं, मला माहीत आहे गो बाय, मला माहीत आहे. खरंच माहीत आहे. तसलं दुखणं मनाने काढता येत नाही.

पण इतकं का? आत्तापर्यंत एवढं कधी नव्हतं. मला तर दुसरं काही सुचत नाही. मी गोळ्या दिल्या. आलेली पाळी अडवली, ती आत कोंडली, आणि आता सूड घेतेय. माझ्या हाताने केलं मी हे.

९ सप्टेंबर, मंगळवार

प्रयोगशाळेच्या बाईंनी सांगितलेल्या बायकांच्या डॉक्टरकडे गेलो. डॉक्टर मृणाली. बघून वाटतं कालच दहावी झाली असेल. पण अर्धा तास नुसतं ऐकत बसली. मग प्रश्न. पाळी कधीपासून दुखते, पाळीच्या आधी दुखतं का, कंबर, मांड्या, पोट फुगतं का, शौचाला जाताना दुखतं का, लघवीला? मला मेलीला ऐकून कसंसंच झालं. असलं कोणी विचारतं का? मनू प्रत्येकाला हो म्हणत गेली. मी पण मान हलवत होते म्हणे. डॉक्टर म्हणाली, "काकू, तुम्ही का मान हलवताय?" मी म्हटलं, ऐकतेय.

भरपूर पाणी पाजून पोटावरून सोनोग्राफी केली. उजव्या अंडाशयावर गाठ आहे, चार सेंटीमीटरची, आत जुनं काळपट रक्त. तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात. असल्या भयंकर गोष्टीला हे नाव कोणी दिलं त्याला चपलेने मारायला हवं. आजाराचं नाव एंडोमेट्रिऑसिस. ते मी पिशवीतल्या पावतीवर लिहून घेतलं. गर्भाशयाला आतून जे अस्तर असतं, तशाच जातीचं अस्तर बाहेर उगवतं, अंडाशयावर, आतड्यापाशी, कुठेही. पाळी आली की तेही सुजतं, रक्त धरतं, आणि त्याला बाहेर यायला वाट नसते. म्हणून आत जळतं, एकमेकांना चिकटतं. दहा बायकांत एकीला असतो म्हणाली. बऱ्याच जणींना सोनोग्राफीत दिसतही नाही, आणि कळायला सात-सात, आठ-आठ वर्षं जातात, कारण सगळे म्हणतात, पाळी म्हटली की दुखायचंच.

मी खाली बघत होते.

मनूने विचारलं, "मी मरणार नाही ना?" डॉक्टर म्हणाली नाही. कॅन्सर नाही. मुळासकट जात नाही, पण ताब्यात ठेवता येतो. आधी गोळ्या, तीन महिने रोज, न चुकता. मग परत बघू. ऑपरेशन लागलंच तर पुढचं पुढे. मूल होईल का हेही मनूनेच विचारलं. पुष्कळ जणींना होतं, काहींना मदत लागते, म्हणूनच आत्ता उपचार करायचे, म्हणाली.

बाहेर आल्यावर मनू रडली. मी घाबरले. ती म्हणाली, "नाही गो आत्या, बरं वाटलं म्हणून रडतेय. खरंच काहीतरी होतं."

१० सप्टेंबर, बुधवार

औषध आणायला गेले. मेडिकलवाल्याने चिठ्ठी वाचली आणि नेहमीसारखा हसला. "काकी, गणपती तर झाले." काऊंटरवर तीच पट्टी. तेच नाव, तोच डबा. मी तिथेच स्टुलावर बसले.

जिने पोरीची ही दशा केली, तीच गोळी तीन महिने रोज? डॉक्टरला काय माहीत मी गणपतीत काय दिलं होतं. मी सांगितलंच नव्हतं. चिठ्ठीशिवाय दिल्या म्हणून ओरडेल अशी भीती वाटली होती.

श्रीपतीला विचारलं. त्याने आजाराचं नाव पुरतं ऐकूनसुद्धा घेतलं नाही. "पाळी बंद करायच्या गोळ्या खाऊन पुढे मूल झालं नाही तर? तुला वेगळं सांगायला नको, अक्का." नकोच सांगायला. सात वर्षांनी नवऱ्याने दुसरी केली आणि मी एक मशीन घेऊन परत आले. तेव्हा स्टँडवरून ते मशीन डोक्यावर घेऊन चालणारा श्रीपतीच होता. तो वाईट नाही. त्याला मुलीची काळजी आहे.

मनूला समजावलं. माझं समजावणं म्हणजे काय, समोरच्याला मान हलवावीच लागते. ती म्हणाली, "पण डॉक्टर..." मी म्हटलं, डॉक्टरने तुला पाच तारखेला बघितलं नव्हतं, मी बघितलंय. पट्ट्या कपाटात साडीखाली ठेवल्या. पोरीला मी परत त्या वाटेला जाऊ देणार नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

मेथीचं पाणी, एरंडेलाची पट्टी, शेक. सगळं करते आहे. मनू निमूट करून घेते. रोज गेली कॉलेजला. काल डॉक्टरकडून फोन आला, गोळ्या चालू आहेत ना? मनूने माझ्याकडे बघितलं आणि हो म्हणाली. माझ्यासाठी खोटं बोलली.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

दवाखान्यातून लिहितेय. दुपारी दोनला दुखायला लागलं, चारला शुद्ध नव्हती. सलाइन लावलंय. इंजेक्शन दिलं, आता झोपलीय. अक्षर वाईट येतंय.

५ ऑक्टोबर, रविवार

काल सकाळी डॉक्टर मृणाली आली आणि म्हणाली, गोळ्यांवर असताना असं व्हायला नको होतं. मीच उभी राहिले. सगळं सांगितलं, पट्टी, गणपती, साडीखाली. "माझ्यामुळे झालं. पोरीला बोलू नका."

तिने मला खुर्चीवर बसवलं. विचारलं, गणपतीत, गोळ्या चालू होत्या त्या दिवसांत, दुखलं होतं का? मला नीट आठवेना, म्हणून पिशवीतून ही डायरी काढली आणि वाचून दाखवलं. चार मोदक, फुगड्या, दुखण्याचं नाव नाही.

डॉक्टर म्हणाली, "काकू, परत वाचा."

परत वाचलं. वाचता वाचताच मला कळलं. तीन महिन्यांत पोरगी एकदाच सुखाने हसली, ती गोळीवर असताना. गोळीने दुखणं आणलं नव्हतं, अडवलं होतं. पाळी नाही तर आतलं ते अस्तरही सुजत नाही. गोळी संपली, पाळी आली, दुखणं आलं. इतकं सरळ. आणि मी तिच्यापासून औषध लपवून तिला आणखी एक पाळी सोसायला लावली.

मग ओरडा बसला, तोही बरोबर होता. कोणाला काय आजार, रक्ताच्या गुठळीचा त्रास, काही न विचारता घरभर पट्ट्या वाटायच्या नाहीत. हीच गोळी आहे, पण मनूला किती आणि कशी द्यायची ते ती बघणार, तपासण्या करणार. मी म्हटलं, यापुढे गणपतीत कोणाला हवी असेल तर तुमच्याकडे धाडीन. ती म्हणाली, आणि कोणाला नको असेल तर?

डॉक्टर गेल्यावर मी मनूचे पाय धरायला गेले, तर पाय ओढून घेतलेन. "काय गो आत्या, गुदगुल्या होतात." मी रडत होते आणि ही हसत होती. "तू घाबरलीस माझ्यासाठी. मला काय कळत नाही?" या पोरीला इतकं शहाणपण कोणी दिलं? आमच्या घराण्यात तर नाही.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

दिवाळी. गोळी चालू, रोज रात्री नऊला, मी गजर लावलाय. मधेच थोडं डागासारखं जातं, डोकं दुखतं, मनू चिडचिडी झालीय. डॉक्टरने आधीच सांगितलं होतं, सुरुवातीला असं होतं. मी तिची चिडचिड ऐकून घेते. तिने ऐकवलं, करंजीचं सारण कोरडं आहे. माझ्या करंजीला. ऐकून घेतलं.

संध्याकाळी दोघी मांडवीच्या जेटीपर्यंत चालत जातो. चालल्याने बरं वाटतं म्हणते.

९ नोव्हेंबर, रविवार

हजेरी. सोमवार गेली. मंगळवार गेली. बुधवारी सुट्टी. गुरुवार, शुक्रवार, शनिवार गेली. गेल्या महिन्यात एकही दिवस फरशीवर नाही. परीक्षा सुरू होतेय.

१४ डिसेंबर, रविवार

श्रीपती आला. न कळवता, फणसपोळी आणि राजापूरच्या स्थळाचा फोटो घेऊन. मुलगा मुंबईत कंपनीत आहे. "गोळ्यांनी बरं वाटतंय तर आत्ताच उरकू. आजाराचं त्यांना सांगायचं कारण नाही. लग्न झालं की राहिलेलं पण थांबेल."

मनू आतून ऐकत होती. मी भात लावत होते. गॅस बंद केला.

म्हटलं, श्रीपती, हेच औषध मला दिलं होतं. आईने दिलं, बाबांनी दिलं. विसाव्या वर्षी. सात वर्षं घेतलं मी ते. काय झालं ते तुझ्या डोक्यावरून घरी आलं.

तो म्हणाला, "तुझं वेगळं होतं, अक्का. तुझ्यात..." आणि थांबला.

मी म्हटलं, बोल. दोष होता. बोल ना, तीस वर्षं सगळे बोलतात.

मग त्याला ही डायरी दिली. तूच लिहायला सांगितली होतीस, वाच. बघ हजेरी. त्याने चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचली, ओठ हलवत, हळूहळू. एक ऑगस्टच्या पानावर फार वेळ थांबला. त्या पानावर मी नवऱ्याचं लिहिलंय हे मी विसरले होते. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण हिसकावून घेतली नाही.

वाचून झाल्यावर त्याने डायरी मिटून मला परत दिली. मग मनूला हाक मारली आणि विचारलं, "परीक्षा कशी गेली गो?" फोटो खिशात घातला. जेवताना मला म्हणाला, "अक्का, मला कोणी सांगितलंच नव्हतं." मी म्हटलं, मला तरी कुठे कोणी सांगितलं होतं. भात थोडा कच्चा राहिला होता. त्याने दोनदा घेतला.

१६ डिसेंबर, मंगळवार

आज मनूची परत सोनोग्राफी. गाठ थोडी लहान झालीय, दुखणं ताब्यात आहे. गोळ्या चालू ठेवायच्या. गाठीबद्दल कोल्हापूरच्या मोठ्या डॉक्टरांचं एकदा मत घेऊ म्हणाली, घाईचं काही नाही. तिकडे पाठवायला चार पानी फॉर्म दिला. मनू बाकावर बसून भरत होती, मी शेजारी तिची पिशवी धरून.

एका ठिकाणी तिचं पेन थांबलं. घरात कोणा नातेवाईक बाईला असा त्रास होता का? मनू मला म्हणाली, "आत्या, तुला काय काय व्हायचं? खरं सांग."

मी म्हटलं, माझं काय विचारतेस, माझं संपलं ते.

ती म्हणाली, "डॉक्टरने विचारलेलं सगळं परत विचारू का, तू मान हलव."

आणि विचारलंन. तिथेच, बाकावर, हळू आवाजात. कंबर? मांड्या? पोट फुगायचं? शौचाला? नवऱ्याजवळ? मी प्रत्येकाला मान हलवली. शेवटी शेवटी हलवता येईना, तिने माझा हात धरला. मूल झालं नाही ते तिने विचारलं नाही. ते तिला माहीत आहे.

मनू आत जाऊन डॉक्टर मृणालीला विचारून आली. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाली, "आज तपासून ठरवता येणार नाही, काकू, पण असण्याची दाट शक्यता आहे. हा आजार घराण्यात चालतो."

मनूने फॉर्मवर लिहिलं, मी तिच्या खांद्यावरून वाचलं. "आत्या, गोदावरी, वय ५८. बहुधा होता. कधी तपासलं नाही, कारण कोणी विचारलं नाही."

मला वाटायचं बुरोंडीहून मी माझा दोष घेऊन आले. आजार होता तो. एकतीस वर्षं मला हे माहीत नव्हतं, आणि आज विशीतल्या एका पोरीने ते निळ्या शाईत लिहून खाली सही केली. मी तिथे दवाखान्यात सगळ्यांसमोर मोठ्याने रडले. मनूने मला रडू दिलं, आणि माझी पिशवी धरून बसली.